शिडी, चेंडू आणि सोलापूर रस्ता

शिडी भिंतीला लावायची असते, एवढंच मला ठाऊक होतं. चिरंजीव बारा वर्षांचे झाले, बास्केटबॉल खेळू लागले आणि शिडी जमिनीवर आडवी झाली. पट्ट्यांची शिडी, तिच्या घरांतून पोरं पाय न अडकवता टकाटक नाचत जातात. मी टाळ्या वाजवल्या. कोच म्हणाले, "काका, हे नुसतं पायांचं पाठांतर. चपळाई वेगळी."

मग त्यांनी दोन हातांत टेनिसचे दोन चेंडू धरले. कोणता सुटेल ते आधी कळत नाही. दुसरा टप्पा पडायच्या आत धावत जाऊन झेलायचा. पाहणं, ठरवणं, पळणं, सगळं एका दमात. आमच्या खो-खोत, आट्यापाट्यांत हेच असायचं. फक्त त्याची फी नव्हती.

घरी माझी परीक्षा झाली. चिरंजीवांनी फूटपट्टी उभी धरली, खालच्या टोकाशी माझा अंगठा आणि बोट. सोडली. पट्टी थेट फरशीवर. पट्टी ३० सेंटिमीटर पडायला जेमतेम पाव सेकंद लागतो. २० सेंटिमीटरवर पकडली, तर आपल्याला ०.२ सेकंद लागला असं धरायचं. तीनदा फरशी झाल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी कापडवाल्याचा गज आणू का?"

खरा मंत्र मिळाला बचावाच्या सरावात. समोरचा डोळ्यांनी हूल देतो, खांद्यानं देतो, चेंडूनं तर देतोच. कोच ओरडत होते, "कमरेकडे बघा! कंबर जाईल तिकडंच माणूस जातो."

आणि मला एकदम सोलापूर रस्ता उमगला. लोणी स्टेशन चौकात मी इतकी वर्षं इंडिकेटर बघून रस्ता ओलांडत आलो! उजवीकडचा लागलेला, गाडी डावीकडे. किंवा मागच्या वळणापासून तो तसाच मिचमिचतोय. तेलाचे टँकर, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, यांना तर हूल द्यायचीही गरज नसते. वाहनाची कंबर म्हणजे पुढचं चाक. बघायचं ते चाकाकडे.

संध्याकाळी चिरंजीवांना घेऊन मुद्दाम चौकात गेलो. "चाकाकडे बघ," मी सांगतोय तोवर पोरगं पलीकडे पोचलंसुद्धा. मी एक पाय पुढे, एक मागे. समोरून येणाऱ्या रिक्षाचं चाक सरळ. सरळ. सरळ. मी पाय उचलला आणि चाक माझ्याच अंगावर वळलं. रिक्षा चपलेपाशी येऊन थांबली.

"बसा काका. हडपसर ना?"

त्यानं माझी कंबर केव्हाच वाचली होती.