तू झोप, मी बसते

रात्री दोन वाजता आपण एकटेच जागे आहोत, असं ज्याला वाटत असेल त्याने आमच्या शिरूर-दौंड भागात राहायला यावं. त्या वेळी रांजणगाव एमआयडीसीत नाईटवाले मशीनपाशी उभे असतात. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असेल, तर एखादा गडी बॅटरी आणि काठी घेऊन ऊस भिजवायला निघालेला असतो. बिबट्याला आपण येतोय हे कळावं, म्हणून खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने गाणी लावलेली. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर चुलवाण धगधगत असतं आणि काहिलीपाशी गुळव्या पाकावर नजर ठेवून असतो. दौंड जंक्शनला तर रात्र असते ती फक्त वेळापत्रकात. आणि ज्याच्यासाठी ती गाणी लावलेली असतात तो बिबट्या, तोही जागाच.

या मंडळींत आमचं घरही गेली काही वर्षं सामील झालं आहे. फरक एवढाच की, बाकीच्यांना जागण्याचे पैसे मिळतात. बिबट्यालासुद्धा अधूनमधून एखादं कुत्रं मिळतं.

आमच्या चिरंजीवांना सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे हुकूम बिघडतात, हातपाय ताठ होतात, झोपेत गोळे येतात. आपण रात्रभरात नकळत कितीतरी वेळा कूस बदलतो आणि सकाळी त्यातलं काही आठवतही नाही. त्याला ती स्वतःहून बदलता येत नाही, म्हणून त्याची कूस आम्ही बदलतो, आणि आम्हाला मात्र प्रत्येक वेळ आठवते. मग तहान, डायपर, उशीखाली गेलेला हात, आणि फिट तर येत नाही ना म्हणून केलेली उगाचची तपासणी. काही रात्री यातलं काहीच नसतं. साहेबांचा मूड चांगला असतो, एवढंच. गळीत हंगामात रात्री अडीचला दोन ट्रॉल्या जोडलेला एखादा ट्रॅक्टर कर्णे लावून कारखान्याकडे जातो आणि त्यातलं गाणं ऐकून हा खदाखदा हसतो. त्या हसण्यावर रागावता येत नाही, आणि आपणही हसायला लागलो की झोप जी जाते ती थेट सकाळच्या दूधवाल्याबरोबर परत येते. तेव्हा तिला घेऊन करायचं काय?

उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. जायफळ उगाळून द्या. खसखशीची खीर द्या. दृष्ट काढा. पलंगाची दिशा बदला. जायफळाचं डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर त्यांनी फिटच्या गोळ्या चालू असताना मनाने काही देऊ नका, असं बजावलं. त्यांनी सांगितलं ते फारच साधं होतं: झोपायची वेळ रोज तीच ठेवा, दिवे लवकर मंद करा, झोपण्याआधी मोबाईल नको, गोळे जास्त येत असतील तर लगेच कळवा. याने फरक पडला, नाही असं नाही. पण ट्रॅक्टरवाल्यांना ही पथ्यं कोण सांगणार?

आईबापांसाठी मात्र एकच सल्ला सगळीकडे फिरत असतो: तो झोपला की तुम्हीही झोपून घ्या. म्हणजे तो जेवला की तुम्हीही जेवून घ्या, आणि तो फिजिओथेरपीला गेला की तुम्हीही व्यायाम करून घ्या! स्वयंपाक, भांडी आणि ह्यांचा डबा ही कामं बहुधा झोपेत करायची असावीत. हे तर एकदा सेकंड शिफ्ट संपवून घरी आले, बेल वाजवली आणि दार उघडल्यावर मलाच विचारू लागले, “साहेब आहेत का?”

हसण्यावारी नेलं, तरी मामला तसा गंभीर आहे. 1997 साली डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की, सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची, म्हणजे 0.03 टक्के. हिशेब केला तर पहाटे पाचला उठलेली अशा मुलाची आई रात्री दहाच्या पुढे कायद्याच्या वर गेलेली असते. नगर रस्त्यावर पोलिसाने तिला यंत्रात फुंकायला लावलं, तर काही निघायचं नाही. तिच्या तोंडाला फक्त चहाचा वास.

माझं माहेर दौंडचं, वडील, म्हणजे आमचे अप्पा, रेल्वेत ड्रायव्हर. त्यामुळे विश्रांती हा विषय आमच्या घरी नियमांच्या पुस्तकातून आला. आठ तास किंवा जास्त ड्युटी करून गाडी आणली, की राहत्या गावी ड्रायव्हरला 16 तासांची विश्रांती. परगावी गेला तर रनिंग रूम, तिथे पलंग आणि जेवण. पुढच्या ड्युटीची वेळ झाली की पूर्वी कॉल बॉय वही घेऊन क्वार्टरवर यायचा, दार वाजवायचा आणि सही घेऊन जायचा. तोवर ड्रायव्हरच्या झोपेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आम्ही भावंडं दुपारी कुजबुजत भांडायचो. पुढे इंजिनात एक यंत्र आलं. ड्रायव्हरने मिनिटभर कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो आणि तरीही हालचाल नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. अप्पा नातवाकडे बघून म्हणतात, “तुझ्याकडे तेच मशीन बसवलंय. फक्त तुझ्यात ब्रेक नाहीत.”

अप्पांचा मुद्दा मला फार उशिरा उमगला. रेल्वे ड्रायव्हरला झोपू देते ती त्याचे लाड म्हणून नव्हे. त्याच्यामागे गाडीभर माणसं असतात म्हणून. आणि तो निजलेला असताना गाडी थांबत नाही, दुसरा माणूस चार्ज घेतो. अशी मुलं असलेल्या घरांत बहुधा अख्खी गाडी एकाच बाईवर आणि तिला रिलीव्हर नाही. त्याऐवजी तिला मिळतं कौतुक. “देवाने तुझीच निवड केली”, “धन्य आहेस गं बाई”, “मी नसतं केलं हो एवढं”. हे म्हणणारे मनापासून म्हणतात, शंकाच नाही. म्हणून झाल्यावर घरी जाऊन गाढ झोपतात.

आणि देवांचं म्हणाल, तर झोपेच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत. रोज रात्री शेजारती होते, पडदा पडतो आणि काकड्यापर्यंत त्यांना कुणी हाक मारत नाही. विष्णू तर आषाढी ते कार्तिकी चार महिने निजतो आणि आपण त्यासाठी उपास करतो. पण दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक आहे, तिथली कथा मला अलीकडे वेगळीच ऐकू येते. विष्णू निद्रेत असताना मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाच्या मागे लागले. विष्णूला उठवलं. तो उठला, खूप काळ लढला, पण ते काही आटोपेनात. मग शंकराने सांगितलं, आधी गणपतीला शरण जा. विष्णूने तिथल्या टेकडीवर गणपतीची आराधना केली, सिद्धी मिळवली आणि मगच त्याला ते दैत्य मारता आले. भाविक यातून भक्तीचा महिमा घेतात, तो घ्यावाच. मला दिसतं ते एवढंच, की झोपमोड झालेल्या साक्षात विष्णूलाही एकट्याने भागलं नाही. त्याने दुसऱ्याकडे मागितलं, आणि त्याबद्दल त्याला कुणी कमी लेखलं नाही.

आम्हीही मागितलं. आता घरात पाळ्या आहेत. बारापर्यंत सासूबाई, कारण ‘म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली’ असं त्यांचं म्हणणं. पुढे मी, आणि हे नाईटला नसतील तर पहाट ह्यांची. चार्ज देताना वहीत लिहायचं: कूस कधी बदलली, पाणी दिलं का, औषध झालं का. हे लिहितात, “ओके.” सासूबाई लिहितात, “बाळ गुणी आहे. आईला बघून नाटकं करतो.” शेजारच्या काकू शनिवारी दुपारी दोन तास येऊन बसतात आणि त्याला गाणी म्हणून दाखवतात. तो त्यांच्या सुरांनाही ट्रॅक्टरइतकीच दाद देतो. आईबापांना रिलीव्हर लागतो, हे सरकारच्याही लक्षात आलेलं आहे. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने ‘समर्थ’ नावाची योजना काढली, घरच्यांना विसावा मिळावा म्हणून अशा मुलांना थोडा काळ सांभाळणाऱ्या केंद्रांची. पण योजना गल्लीपर्यंत पोचेपर्यंत गल्लीनेच काहीतरी करावं लागतं.

म्हणून कधी अशा घरी गेलात, तर सफरचंदं नेऊ नका आणि ‘धन्य आहेस’ही नेऊ नका. दोन मोकळे तास न्या. मुलाला कसं उचलायचं, कुठल्या कुशीवर ठेवायचं ते नीट शिकून घ्या आणि म्हणा, “तू झोप, मी बसते.” ती म्हणेल, “नको नको, मी बघते, सवय आहे.” ते मुळीच खरं धरू नका. आपल्याकडे पाहुणा जेवणाला नाही म्हणतो, तेव्हा त्याचं कोण ऐकतं? दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा ताट वाढूनच आणतात. झोपेचाही तेवढाच आग्रह करावा, आणि तिने पोटभर घेतल्याशिवाय तिला उठू देऊ नये.