सहीशिवाय एंट्री

काकांची उभी हयात बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. ते शाखेत येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी मॅनेजरला जेवण जात नसे. अशा माणसाचे निवृत्तीनंतर फार हाल होतात. पेन्शन वेळेवर येते, बीपीची गोळी वेळेवर पोटात जाते, पण तपासायला काही उरत नाही. सोसायटीचे हिशेब काकांनी पहिल्याच वर्षी तपासले. तेव्हापासून खजिनदार व्हायला कोणी तयार नाही. काकूंच्या भिशीची वही त्यांनी एकदाच मागितली होती.

अशा उपासमारीच्या काळात त्यांना कॉम्प्युटरचा स्टार्टअप सापडला. बटण दाबलं की विंडोजच्या मागोमाग, कोणी हाक न मारता, आपले आपण सुरू होणारे प्रोग्रॅम आणि त्यांची यादी. विंडोज ९८ मध्ये ती एमएसकॉन्फिग उघडून बघावी लागे. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि तिला टास्क मॅनेजरमध्ये मानाची जागा मिळाली. नाव, प्रकाशक, चालू की बंद, सुरुवातीच्या वेगावर परिणाम किती. आखलेले चार रकाने बघून काकांना माहेर भेटलं.

खरी दीक्षा मात्र त्याआधीची. २००७ च्या सुमारास पेनड्राइव्हमधून एक व्हायरस घरोघरी फिरत होता. ऑर्कुट उघडलं की तो ते बंद करी, वर ऑर्कुटवर बंदी आहे असं इंग्रजीतून खिदळत सांगे. पुतण्याच्या मशीनवर तो बसला. पुतण्या रडकुंडीला आला, कारण त्या काळात ऑर्कुट बंद म्हणजे लग्नं अडली. काकांनी बघितलं तर चालू प्रोग्रॅमांत एसव्हीसीहोस्ट हे नाव. हे तर विंडोजचंच, असं म्हणून दुसरा कोणी पुढे गेला असता. काकांनी पत्ता विचारला. खरा एसव्हीसीहोस्ट राहतो सिस्टिम थर्टीटूमध्ये. हा निघाला हीप४१ए नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये. ‘नाव तेच, पत्ता वेगळा!’ काका अजूनही हे सांगताना उठून उभे राहतात. ‘केवायसी केलं असतंत तर आत आला असता का?’

आता कोणाचं मशीन रेंगाळायला लागलं, कोपऱ्यात अनोळखी चिन्ह दिसलं, की काकांना निरोप जातो. काका येतात ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून. चहा घेत नाहीत. तपासणीच्या जागी चहा घ्यायचा नाही हा नियम ते नोकरीत पाळत आले. (चहा नंतर घेतात, आणि त्याबरोबर जे असेल तेही.) मग पहिला प्रश्न : ‘गेल्या महिन्याभरात काय काय इन्स्टॉल केलंत?’

उत्तर ठरलेलं असतं. ‘काहीच नाही.’

मराठी घरात कॉम्प्युटरवर कोणी कधीच काही इन्स्टॉल केलेलं नसतं. फुकटातला पीडीएफ जोडणारा प्रोग्रॅम, लग्नाच्या व्हिडिओला गाणं लावणारा प्रोग्रॅम, जिल्हा पालथा घालून न मिळालेला ड्रायव्हर शोधून देणारा प्रोग्रॅम, हे सगळे चालत आलेले असतात. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ म्हणताना मधल्या पानावर आधीच टिचक्या मारून ठेवलेले चौकोन असतात, ते वाचायची आपली परंपरा नाही. काका वाचतात. काका रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजूही वाचतात.

टास्क मॅनेजर हे त्यांच्या मते वरवरचं काम. खरी तपासणी ऑटोरन्सने. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी केलेलं हे हत्यार. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. ‘चोर पकडणाऱ्याला नोकरीत घेतलं. आमच्या बँकेने त्याची बदली केली असती,’ हा काकांचा शेरा. ऑटोरन्स नुसता स्टार्टअप फोल्डर बघत नाही. रजिस्ट्रीतल्या ‘रन’च्या नोंदी, सर्व्हिसेस, ठरल्या वेळी चालणारी कामं, जिथून म्हणून काही आपोआप सुरू होऊ शकतं ते सगळं एका तक्त्यात मांडतं. त्यात रंग असतात. गुलाबी म्हणजे प्रकाशकाचा पत्ता नाही किंवा सही पटत नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे, फाईल मात्र जागेवर नाही.

‘गुलाबी म्हणजे सहीशिवाय व्हाउचर,’ काका समजावून देतात, ‘आणि पिवळी म्हणजे खातेदार मयत, पेन्शन चालू.’

दुसऱ्या मजल्यावर एक प्रिंटर असाच मयत निघाला. भंगारात देऊन वर्षं झाली होती, पण त्याची शाई किती उरली हे पाहायला एक प्रोग्रॅम रोज सकाळी इमानाने उठत होता. काकांना जरा गलबललं. तरी त्यांनी तो बंद केला. बंद केला, पुसला नाही. पुसणं हा प्रकार त्यांना मंजूर नाही. आधी टिचकी काढायची, मशीन पुन्हा चालू करायचं, आठवडाभर कोणाची तक्रार येते का पाहायचं, मग पुढची कारवाई. ‘चौकशी पुरी होईपर्यंत निलंबन. बडतर्फी नंतर.’

ही सावधगिरी अनुभवाची आहे. २००२ साली एक ईमेल फिरत होती : तुमच्या मशीनमध्ये अस्वलाच्या चिन्हाची एक फाईल असेल, तो व्हायरस आहे, ताबडतोब काढा आणि सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, अस्वल सापडलं, काढलं, सगळ्यांना कळवलं. अस्वल निरपराध होतं. विंडोजचीच जावासाठीची फाईल होती ती. एका शाखेत तर साहेबांनी उभं राहून सगळ्या मशीनवरची अस्वलं मारली. ते साहेब कोण हे काका सांगत नाहीत. काकू सांगतात.

या कामात काकांना सोसायटीची नको तेवढी माहिती झाली आहे. स्टार्टअपची यादी म्हणजे घराचा खरा दिनक्रम. सीएच्या अभ्यासाला बसलेल्या चिरंजीवांच्या मशीनवर ओळीने तीन गेम-लाँचर, तिन्हींचा परिणाम ‘हाय’. आई शेजारीच उभी. ‘हे काय हो काका?’ काकांनी चष्मा पुसला. ‘ग्राफिक्सचं आहे.’ खातेदाराची गुप्तता! चिरंजीव तेव्हापासून काकांचं लाइट बिल भरतात, पासबुक छापून आणतात आणि मधूनमधून अभ्यासही करतात.

काकांचा दोष एकच. गुन्हा निघाला नाही तर ते खट्टू होतात. एका घरात अधूनमधून काळी खिडकी चमकून नाहीशी व्हायची. आजींनी दृष्टही काढली होती. काका दोन दिवस मागावर होते. निघालं काय, तर ऑफिसच्याच प्रोग्रॅमने टास्क शेड्युलरमध्ये लावून ठेवलेलं काम, मायक्रोसॉफ्टच्या खणखणीत सहीनिशी. ‘सगळं कायदेशीर आहे,’ काका म्हणाले आणि शिऱ्याची बशी निम्मी ठेवून उठले.

पण परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बोलावलं आणि काकांचं भाग्य फळफळलं. यादीत एक नोंद होती, तिचं नाव नुसतं ‘प्रोग्रॅम’. चिन्ह कोरं, प्रकाशक कोरा.

‘व्हायरस आहे का हो?’ वहिनींनी पदराला हात पुसले.

काकांनी रकान्यांच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारून ‘कमांड लाइन’ हा रकाना उघडला आणि हसले. पत्ता होता सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरचा. लिहिणाऱ्याने तो अवतरणचिन्हांत घातला नव्हता. मूळ सॉफ्टवेअर केव्हाच काढून टाकलेलं, नोंद तेवढी मागे राहिलेली. विंडोजने पत्ता वाचायला घेतला, ‘प्रोग्रॅम’नंतर मोकळी जागा लागली, तिथेच थांबून तेच नाव समजून बसलं.

‘कारकुनी चूक!’ काकांचा चेहरा उजळला. चोरापेक्षा ही चीज मोठी होती. ‘वहिनी, दोन अवतरणचिन्हं राहिली आहेत.’

‘मग काढून टाका ना ते.’

‘असं कसं?’ काकांनी रजिस्ट्री उघडली. नोंदीची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली, तिला तारीख आणि फ्लॅट नंबर दिला. मग अस्तित्वातच नसलेल्या त्या सॉफ्टवेअरच्या पत्त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घातली, सेव्ह केलं, पुन्हा वाचून पाहिलं. नोंद आता बिनचूक झाली होती. मगच त्यांनी ती खारीज केली.

मशीन पुन्हा चालू केलं. गोल फिरू लागलं. वहिनींनी तेवढ्यात कुकर लावला, पोळ्या केल्या, काकांना वाढल्याही. गोल फिरतच होतं.

‘काका, पण हा अजून तितकाच हळू आहे.’

‘त्याची हार्ड डिस्क जुनी झाली आहे. एसएसडी बसवायला हवी,’ काका ताटातली कोशिंबीर संपवत म्हणाले, ‘पण ते वेगळं प्रकरण. त्याचा स्वतंत्र अर्ज द्या.’