श्वानखाद्याचा पंचनामा : हिंगोली जिल्ह्यातील सद्गृहस्थांसाठी मार्गदर्शक टिपण

संसारात काही दस्तऐवज असे असतात की ज्यांच्या लाभार्थ्याला ते वाचता येत नाहीत, वाचणाऱ्याला त्यांचा लाभ नसतो आणि लिहिणाऱ्याला दोघांपैकी कोणाचीच भीती नसते. कोरड्या श्वानखाद्याची पिशवी हा त्या वर्गातील अव्वल दर्जाचा दस्तऐवज होय. एके काळी सेनगावापासून वसमतेपर्यंत कुत्र्याच्या वाट्याला शिळी भाकर आणि तिच्यावर ओतलेले ताक येई, आणि भाकरीवर छापील मजकूर नसल्यामुळे कोणाची फसगत होण्यास वावच नसे. परंतु १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त होऊन हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, यथावकाश नव्या वसाहती उठल्या, वसाहतींत लॅब्राडोर आले, आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानात ढेपेच्या पोत्यांशेजारी या झगझगीत पिशव्यांची थप्पी लागली. तेव्हा या पिशव्यांचा यथाविधी पंचनामा कसा करावा, याचे दिग्दर्शन करणे लोकहितास्तव आवश्यक झाले आहे. पुढील सर्व कलमांचे मूलतत्त्व एकच आहे : पिशवी भरलेली असते कुत्र्यासाठी, पण लिहिलेली असते मालकासाठी.

कलम पहिले : दर्शनी बाजू

पिशवी हाती येताच तिचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे. त्या बाजूस तुकतुकीत कांतीचा श्वान, त्याच्या पाठीमागे हिरवेगार कुरण आणि पुढ्यात शाकाहारी गृहस्थाचेही चित्त क्षणभर विचलित करील अशी कोंबडीची तंगडी असते. परंतु हे चित्र कोणत्याही कायद्यान्वये पुराव्यात दाखल होत नाही. अमेरिकेत पशुखाद्य-नियंत्रकांची ‘आफ्को’ नावाची जी संघटना आहे, आणि जिच्या नावाची साक्ष आपल्याकडील पुष्कळ पिशव्याही मोठ्या भक्तिभावाने काढतात, तिच्या नियमांनुसार खाद्य ‘चिकनसहित’ म्हणविण्यास शेकडा ३ भाग चिकन पुरते, आणि ‘चिकनच्या स्वादाचे’ म्हणविण्यास तेवढ्याचीही सक्ती नाही. स्वाद ओळखू आला म्हणजे झाले. आपल्याकडे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नापुरता मर्यादित असल्यामुळे कुत्र्याने आपली फिर्याद कोणत्या दप्तरी दाखल करावी हा प्रश्न बिकट आहे. म्हणून तपासणीचे काम मालकाने स्वतःच अंगावर घ्यावे आणि त्याकरिता पिशवीच्या पाठीवरील, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांतील मजकुराकडे वळावे.

कलम दुसरे : घटकांची यादी

या कामी ज्याची हयात सातबारा आणि खासरा पत्रके चाळण्यात गेली असा निवृत्त अव्वल कारकून सर्वोत्तम होय. कारण पहिल्या नावाला भुलू नये आणि इतर हक्काचा रकाना वाचल्यावाचून उठू नये, हे दोन संस्कार त्याच्या हाडीमाशी खिळलेले असतात. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा शिरस्ता आहे. परंतु हे वजन माल यंत्रात पडण्यापूर्वीचे असते, ही मेख पिशवी सांगत नाही. समजा, १०० किलो कच्च्या मालात ३० किलो ताजे चिकन आणि २५ किलो मका आहे. यादीत चिकन प्रथम येईल आणि मालक कृतकृत्य होईल. पण ताज्या मांसात शेकडा ७० च्या आसपास पाणी असते. ते भट्टीत उडून गेल्यावर चिकनचा ऐवज ९ किलोंवर येतो, आणि मुळात कोरडा असलेला मका मात्र २२ किलोंच्या घरात ठाण मांडून बसलेला असतो. याउलट ‘चिकन मील’ या रूक्ष नावाने जो पदार्थ येतो तो आधीच पाणी व चरबी काढून दळलेला असल्यामुळे यादीत खाली असूनही पुष्कळदा अधिक प्रथिने देऊन जातो. ‘उपपदार्थ’ हा शब्द दिसताच नाक मुरडण्याचीही चाल पडली आहे; त्या शब्दाचा अर्थ बहुधा काळीज, गुर्दा, वजडी असा असतो, आणि ज्या मुलखात वजडीचा रस्सा दोन भाकरी अधिक खायला लावतो त्या मुलखातील मनुष्याने तरी या बाबतीत अभिजाततेचा आव आणू नये.

दुसरी मेख विभाजनाची. १९६१ चा सीलिंगचा कायदा आला तेव्हा अनेक धोरणी जमीनदारांनी एकच शिवार मुलगा, जावई आणि दूरची मावशी यांच्या नावांवर वाटून टाकले. पिशवीतील मकाही तेच करतो. मका, मक्याचा भरडा आणि मक्याचे ग्लूटेन अशी तीन नावे तो तीन निरनिराळ्या ओळींवर लावतो, जेणेकरून तिघांची बेरीज चिकनहून मोठी असली तरी खातेदार म्हणून चिकनच वर राहावे. तपासणी करणाऱ्याने एका कुळातील सर्व नावांस तांबड्या शाईने खूण करून त्यांची बेरीज करावी आणि मगच मालकी हक्काचा निकाल द्यावा.

कलम तिसरे : मिठाची सीमा आणि हळदीचे प्रकरण

यादी वाचताना मीठ कोठे आहे ते शोधावे. खाद्यात मीठ साधारणतः शेकडा एकाच्या आतबाहेर असते. म्हणून मिठानंतर ज्यांची नावे येतात, ते घटक त्याहूनही अल्प, असा स्थूल ठोकताळा धरण्यास हरकत नाही. जीवनसत्त्वे आणि खनिजे मिठापलीकडे असणे योग्यच आहे, कारण त्यांची गरजच तेवढी. परंतु ब्लूबेरी, पालक, डाळिंब आणि हळद ही मंडळी दर्शनी बाजूस सहकुटुंब छायाचित्र काढून घेतात आणि मागे मात्र मिठाच्या कुंपणापलीकडे उभी असतात, हे ध्यानात ठेवावे.

यांपैकी हळदीचे प्रकरण आपल्या जिल्ह्यात विशेष नाजूक आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीची वाहने रांगा लावून उभी असतात. तेथील अडत्या हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो, आणि मग भाव बोलतो. अशा गावात दुकानदाराने निवृत्त कारकुनास एक महागडी पिशवी पुढे करून म्हणावे, “काका, हीच न्या. हिच्यात हळद आहे, सांध्यांना लय चांगली,” यावर कारकुनाने चष्मा पुसत विचारावे, “हळद वसमतची का?” आणि दुकानदाराने दुखावल्या स्वरात उत्तर द्यावे, “नाही हो काका, इम्पोर्टेड आहे!” या संवादाहून अधिक मार्मिक असे आर्थिक विवेचन आमच्या पाहण्यात नाही. हळदीतील कर्क्युमिन आतड्यांतून मोठ्या अनिच्छेने शोषले जाते. तेव्हा मिठाच्या पलीकडील चिमूटभर हळदीने कुत्र्याचे सांधे कितपत वंगणले जातील याची कल्पना वाचकांनी करावी. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्या माणसांविषयी आपण ऐकून आहोत. येथे तर त्याहून पुष्कळ कमी हळकुंडात अख्खी पिशवी पिवळी झालेली असते.

कलम चौथे : प्रथिनांची जमाबंदी

‘कच्ची प्रथिने : किमान २४ टक्के’ असे वाक्य पाहून पुष्कळांचा ऊर भरून येतो. त्यांनी हे जाणून असावे की प्रथिने कोणी प्रत्यक्ष मोजत नाही. १८८३ साली कोपनहेगनच्या योहान केलडाल याने शोधलेल्या रीतीने नत्र मोजतात आणि त्यास ६.२५ ने गुणतात. नत्र कोठून आले, हे या रीतीस कळत नाही. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळून नत्राचा आकडा फुगविल्याचे उघडकीस आले, आणि त्यापायी उत्तर अमेरिकेत श्वान-मार्जारखाद्याचा प्रचंड साठा बाजारातून परत बोलवावा लागला. तोवर अनेक मुक्या जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. कातड्याची वहाणही या कसोटीस उत्तम उतरते. कुत्र्याचे पिलू वहाणा कुरतडते तेव्हा ते केलडालच्या मतानुसार उच्च प्रथिनयुक्त आहारच घेत असते. मात्र पचनसंस्थेचे मत त्याहून भिन्न असते.

तेव्हा आकड्याचा उगम घटकांच्या यादीत शोधावा, आणि तुलना करताना ओलावा वजा करावा. ओलावा १० टक्के असेल तर २४ ला ९० ने भागून १०० ने गुणावे. शुष्कांशात प्रथिने सुमारे २६.७ टक्के येतात. आफ्कोच्या मोजणीत प्रौढ कुत्र्यास शुष्कांशावर किमान १८ टक्के प्रथिने व ५.५ टक्के स्निग्धांश, आणि वाढत्या पिल्लास व गाभण कुत्रीस २२.५ व ८.५ टक्के लागतात. यापुढे पिशवी जी रक्कम सांगतच नाही ती काढावी. प्रथिने २४, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १० आणि राख अंदाजे ८ ही १०० तून वजा जाता जे ४३ उरतात ते पिष्ट होय. प्रथिने व पिष्ट यांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला ८.५ कॅलरी धरल्यास १०० ग्रॅमला सुमारे ३२० कॅलरी भरतात. आता २० किलो वजनाच्या, घरात सुखवस्तूपणे नांदणाऱ्या कुत्र्यास दिवसाला १०५० च्या आसपास कॅलरी लागत असतील, तर हे खाद्य ३३० ग्रॅम लागेल. किलोस २०० रुपये भाव असता रोजचा खर्च ६६ रुपये. दुसरे खाद्य किलोस २४० रुपयांचे, पण १०० ग्रॅमला ४०० कॅलरींचे असेल, तर ते २६२ ग्रॅमच पुरेल आणि खर्च ६३ रुपयांवर येईल. महाग पिशवी स्वस्त ठरल्याचा हा ताळेबंद घरातील वडीलधाऱ्यांस दाखविण्याजोगा आहे. ते त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, ही गोष्ट निराळी.

कलम पाचवे : स्निग्धांश

या विषयातील आद्य विचार आपल्याच जिल्ह्यात झाला, हे अभिमानाने नमूद करावे लागेल. कुत्र्याने भाकर पळविली असता ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेवमहाराज हे परंपरेनुसार नरसीचे. महाराजांना कुत्र्याच्या ठायी विठ्ठल दिसला आणि आधुनिक कारखानदारास गिऱ्हाईक दिसते, एवढा फरक सोडल्यास कृती तीच आहे : पीठ वाफेवर व दाबाखाली शिजवून छिद्रांतून काढतात, दाणे कापून वाळवितात, आणि मग त्यांवर चरबी व स्वादद्रव्य फवारतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्याचे यंत्र या कामी जुंपले तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. सारांश, चव दाण्याच्या अंगी नसते, अंगावर असते. आणि ‘चरबी’ एवढेच लिहून थांबणाऱ्या पिशवीपेक्षा ‘कोंबडीची चरबी’ असे नावनिशीवार लिहिणारी पिशवी अधिक विश्वासार्ह समजावी.

कलम सहावे : धान्यविषयक वाद

‘धान्यविरहित’ या विशेषणास हल्ली सनदेची प्रतिष्ठा आली आहे. २०१३ साली स्वीडिश संशोधकांनी दाखवून दिले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यापाशी पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. म्हणजे माणसाच्या उंबऱ्यावर राहून त्याने धान्य पचविण्याची विद्या आत्मसात केली. उलट, धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेल्या काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकी सरकारला २०१८ साली आरंभावी लागली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, परंतु ‘धान्यविरहित’ म्हणजे निर्दोष ही समजूत मात्र निकालात निघाली. यावरून भाकरीच्या अभिमान्यांनी हर्षभरित होऊ नये. ज्वारीत कॅल्शियम थोडे आणि फॉस्फरस फार; निव्वळ भाकरीवर किंवा निव्वळ मांसावर वाढविलेल्या पिल्लाचे पाय वाकतात. घरचे अन्न द्यावयाचे तर पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे, आणि त्यात कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट यांस सक्त मनाई असावी.

कलम सातवे : मुद्देमालाची पाहणी

मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात उन्हाशी सोयरीक केलेली पिशवी घेऊ नये. चरबी खवट होते आणि जीवनसत्त्वे हळूहळू रजा घेतात. उत्पादनाची तारीख पाहावी. पोत्यातून सुटे मोजून मिळणारे खाद्य म्हणजे सातबारा नसलेली जमीन. स्वस्त मिळते, पण कोणाची ते कळत नाही. पिशवी उघडताच नाक आत घालून वास घ्यावा; जुन्या तेलाचा, तळणाच्या कढईसारखा वास आल्यास व्यवहार रद्द समजावा. उघडलेली पिशवी मूळ वेष्टनातच घट्ट बंद ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी.

कलम आठवे : साक्षीदारांची जबानी

कुत्र्याची जबानी नोंदवावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. हा साक्षीदार फितूर होण्यास चमचाभर चरबी पुरते. ज्याने काल गटाराकाठचे मेलेले खेकडे मिटक्या मारीत खाल्ले, त्याने आज खाद्य आवडीने खाल्ले म्हणून त्याचा दर्जा सिद्ध होत नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे विष्ठा. ती सोज्वळ विषय नसली तरी सत्यवचनी असते. ती बांधीव आणि बेताची असावी. ढीग वाढला तर आपण पचण्याजोग्या मालाचे पैसे देऊन भुसा आणला, असे समजावे. तिसरा आणि सर्वश्रेष्ठ साक्षीदार म्हणजे कुत्र्याची बरगडी. बोटे बरगड्यांवरून हलके फिरविता त्या न दाबता हातास लागाव्यात, आणि वरून पाहता कंबर दिसावी. धनगरांच्या कारवानी कुत्र्याच्या बरगड्या किंचित दिसतातच; ती त्याची घडण होय, उपासमार नव्हे. याउलट लॅब्राडोरच्या बरगड्या सापडतच नसतील, तर तो ‘खात्यापित्या घरचा’ नसून आजारपणाच्या वाटेवर आहे.

नवे खाद्य आणल्यावर सत्तांतर एका रात्रीत करू नये. सात-आठ दिवस जुन्यात नवे वाढत्या प्रमाणात मिसळावे. दीड-दोन महिन्यांनी वजन करावे, बरगड्यांवर पुन्हा हात फिरवावा आणि निष्कर्ष पिशवीवरील मजकुराशी ताडून पाहावा. दोहोंत विसंगती आढळल्यास हाताचा मजकूर प्रमाण मानण्यात यावा.