गुरुवारचे साहेब

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार, त्यांच्या योगे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूच्या विचलित होणार, म्हणून ते नाजूक मापनकार्य १९०४ साली अलिबागेस आणण्यात आले, आणि जिच्या बांधकामात लोखंडाला मज्जाव होता अशा इमारतीत ते सुखेनैव सुरू झाले. मुंबईत जे स्थिर राहत नाही ते खाडीपलीकडे आणून ठेवावे, ही परंपरा पुढे ज्यांनी निष्ठेने चालविली, त्यांत दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या अधिकारीवर्गाचा क्रमांक बराच वर लागेल.

आमच्या आळीतील एका वाडीत असे एक साहेब दर शुक्रवारी मांडव्याच्या बोटीने येतात व रविवारी परततात. शेतजमीन शेतकऱ्यासच घेता येते, या कुळकायद्याच्या दंडकामुळे त्यांना आधी शेतकरी होणे प्राप्त होते; साताऱ्याकडच्या एका सातबाऱ्यावर अकरा सहहिस्सेदारांत त्यांचे नाव सापडले, यथावकाश फेरफार मंजूर झाला, आणि माड कोणता व पोफळ कोणती हे त्यांनी नंतर गड्याकडून समजून घेतले. शुक्रवारच का, तर टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. आमच्याकडे गुरुवार दत्तासाठी करतात. साहेबांचाही कडक असतो. अन्न घशाखाली उतरत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा अधिकाऱ्याची बदली सरकार करीत असे. १९९९ पासून खाजगी मराठी वाहिन्या निघू लागल्या आणि अधिकारी आपली बदली आपणच करू लागला. त्याच सुमारास साहेब एका वाहिनीत टेपांची नोंदवही सांभाळण्यास रुजू झाले. त्यांच्या उत्कर्षाचा मी बारकाईने अभ्यास केला आहे (कचेरीत हयात घालविलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बढतीइतका गोड विषय नाही), आणि त्यातून निष्पन्न झाले ते असे की, त्यांच्या देखरेखीखालची मालिका ज्या ज्या वेळी कोसळली, त्या त्या वेळी साहेब महिनाभर आधीच दुसऱ्या वाहिनीत वरच्या हुद्द्यावर पोहोचलेले होते. आणि जी चालली, ती ज्याने उभी केली तो बिचारा, साहेब रुजू होण्याच्या आदल्याच आठवड्यात निघून गेलेला होता. मालिका पडली तर स्लॉट वाईट, चढली तर साहेबांची दृष्टी, असा हा जमाखर्च आहे, आणि तो कोणत्याही लेखापालाला आजवर खोडता आलेला नाही.

आमच्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, परंतु अडलेले काम सुटावे म्हणून साहेबाच्या घरी जिताडा पोहोचविण्याची रीत नावाबरोबर बदलली नाही. पूर्वी हा मासा मामलेदाराच्या घरी जाई. आता शनिवारी सकाळी एखादा निर्माता तो घेऊन वाडीच्या बेड्याशी अदबीने उभा असतो, कारण त्याच्या मालिकेत लीप घ्यावी की सासूचा ट्रॅक लांबवावा याचा निवाडा झोपाळ्यावर व्हावयाचा असतो. साहेब कथा ऐकतात, डोळे मिटतात, आणि दरवेळी एकच मखलाशी करतात : ‘छान आहे, पण हे गावातल्या बाईला झेपणार नाही.’ त्या समयी गड्याची बायको पाच हातांवर बसून तोच जिताडा साफ करीत असते. ती गावातली आहे, बाई आहे, आणि तिला बरेच काही झेपते. पण देशभरातील निवडक घरांना जोडलेल्या यंत्रांतून जी गावातली बाई साहेबांना आकड्यांच्या रूपाने दर्शन देते, तिच्याशी हिचा संबंध असेल अशी शंकाही त्यांना कधी आली नाही.

एकदा मीच छेडले. ‘अलिबागसे आया है क्या’ या हिंदी वाक्प्रचारावर बंदी घालावी, असा अर्ज २०१९ साली उच्च न्यायालयात झाला होता व न्यायालयाने तो फेटाळला होता. ‘तुमच्या मालिकांतून तरी हे वाक्य काढा,’ मी म्हणालो. ‘काका, अलिबागचे लोक असलं मनावर घेत नाहीत, आमचा रिसर्च आहे,’ साहेब म्हणाले. मी अलिबागचा असून ते मनावर घेऊन त्यांच्याच अंगणात उभा होतो. चहा मात्र उत्तम होता.

गेल्या माघात मात्र नवल घडले. गुरुवारचा आकडा इतका खाली गेला होता की शुक्रवारी साहेबांनी आपण होऊन गड्याच्या बायकोस विचारले, ‘मावशी, आमची साडेसातची मालिका बघता ना?’

‘नाय ओ सायेब,’ ती म्हणाली, ‘साडेसाताला नळाला पानी येतं.’

साहेबांनी हे टिपून घेतले, सोमवारी ग्रामीण पाहणीचा निष्कर्ष म्हणून वरिष्ठांपुढे मांडले आणि मालिका साडेआठाला नेली. त्याबद्दल त्यांची प्रशंसा झाली व एका ओटीटी कंपनीत ते वरच्या हुद्द्यावर रुजू झाले. चैत्रात ग्रामपंचायतीने पाण्याची वेळ साडेआठ केली.