खंडणीखोरा, तुझी किल्ली तुझ्याजवळच ठेव

प्रति,
रॅन्समवेअर बनवणाऱ्या टोळीचा म्होरक्या,
मुक्काम : जिथे तोंड लपवून बसला असशील तिथे

नमस्कार करावा असं काही तू केलेलं नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

ऐन अॅडमिशनच्या गर्दीत तू इथे बेसा रोडवरच्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात घुसलास. मेलवर ‘बिल’ नावाची फाईल आली, दुकानदाराने घाईघाईत उघडली. पाहता पाहता मार्कशीट, जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, सगळ्या फायलींच्या नावांना भलतंच शेपूट लागलं. एकही उघडेना. वर स्क्रीनवर तुझी चिठ्ठी : बिटकॉइन दे, किल्ली घे. शेतमजुराच्या लेकीचा दाखला ओलीस धरतोस, लाज वाटते का बे?

लोक तुला डोकेबाज समजतात. कसला डोकेबाज? १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. तो विंडोजमधल्या ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, तेच तुम्हाला सापडले. मग २७ जूनला तेच भगदाड वापरणारा नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्याची खंडणी तर निव्वळ सोंग होती. पैसे भरूनही फायली परत मिळायची सोयच नव्हती. मग तुझ्या किल्लीवर कोणी का भरवसा ठेवावा?

आता आमचं ऐक. अपडेट आलं की आम्ही ‘नंतर’ म्हणणार नाही. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेणार नाही. अनोळखी मेलची फाईल, व्हॉट्सअॅपवर आलेली ‘लग्नपत्रिका.एपीके’ उघडणार नाही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह अँटीव्हायरसने तपासल्याशिवाय चालणार नाही. कामाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढू आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवू, कारण जोडून ठेवलेली डिस्कही तू सोडत नाहीस, हे आम्हाला कळलंय. ती प्रत उघडते की नाही, तेही अधूनमधून पाहू. तरी शिरलासच, तर आधी नेटची वायर काढू, वायफाय बंद करू, मग पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार देऊ. तुला छदाम मिळणार नाही.

आमची घाई आणि आमच्या फायलींची एकुलती एक प्रत, या दोनच गोष्टींवर तुझं पोट चालतं. दोन्ही बंद करायला आम्ही बसलो आहोत.

तुझा कुणीही नसलेला,
बेसा, नागपूर येथील एक रहिवासी