वाढत्या अंगाची सायकल

मुलांसाठी कोणतीही वस्तू खरेदी करताना ती वाढत्या अंगाची घ्यावी, हा महाराष्ट्रीय मध्यमवर्गाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि कोणत्याही विद्यापीठाने अद्याप दखल न घेतलेला, आर्थिक सिद्धान्त आहे. जून महिना लागला की गणवेशाच्या दुकानांतून त्याचा घोष कानी पडतो. त्याच्याच आधारे दुसरीतले मूल चौथीच्या मापाच्या सदऱ्यात बाह्या दुमडून आणि बुटांच्या टोकांत कापूस कोंबून दोन वर्षे निर्वेधपणे काढते, आणि तिसऱ्या वर्षी सदरा अंगाला बरोबर बसू लागावा तो त्याच्या कोपराला भोक पडलेले असते. असा हा कसोटीस उतरलेला सिद्धान्त सायकलीच्या बाबतीत मात्र पालकांस तोंडघशी पाडतो. (वस्तुतः पालक कडेला उभे असतात, तोंडघशी पडते ते मूल.) सबब, ऐपतीत बसणारी सायकल निवडण्याची रीत कलमवार नमूद करून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कलम १ : दरखास्त

सायकलीची मागणी मूल प्रथम तोंडी करते, आणि तीत ‘सोसायटीतल्या सगळ्यांकडे आहे’ हा एकच मुद्दा असतो. या सगळ्यांची नावनिशीवार चौकशी केली असता त्यांची संख्या दोनावर येते, आणि ते दोघे सख्खे भाऊ असून त्यांच्यात सायकल एकच असल्याचे निष्पन्न होते. तथापि अशा किरकोळ विसंगतीवरून दरखास्त फेटाळता येत नाही, कारण आजीची शिफारस तिला आधीच जोडलेली असते. मग तीर्थरूप ‘वार्षिक परीक्षेनंतर बघू’ असा शेरा मारून प्रकरण तहकूब करतात. परीक्षा संपते तो पावसाळा तोंडावर आलेला असतो, पावसाळा ओसरतो तो दिवाळीचा खर्च आ वासून उभा राहतो, आणि अखेर मंजुरीचा हुकूम निघेपर्यंत दरखास्तदार दरखास्तीच्या वेळी होता तेवढा राहिलेला नसतो. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, आणि ही वाढ घरातील कोणाच्याही तहकुबीस जुमानत नाही. म्हणून गतवर्षी घेतलेल्या मापावर यंदा खरेदी करू नये. आणि मूल शाळेत असताना गुपचूप सायकल आणून त्याला चकित करण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये, कारण अशा प्रसंगी चकित होण्याची पाळी बहुधा पालकांवर येते.

कलम २ : मोजणी

दुकानात शिरताच ‘वय किती?’ असा प्रश्न होतो. वय हे शाळाप्रवेशाच्या कामी उपयोगी पडते. सायकलीला पाय लागतात. मुलास अनवाणी भिंतीशी पाठ लावून उभे करावे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक दोन्ही पायांच्या मधून वर सरकवावे (पंचांग चालत नाही, ते वाकते), आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावावी. जो आकडा येईल तो खिशात ठेवून बाजारात जावे. नवशिक्या मुलासाठी सीट अगदी तळाशी नेली असता तिची जमिनीपासूनची उंची या आकड्याइतकी किंवा त्याहून किंचित कमी भरली, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात आणि मूल निर्भयपणे थांबू शकते. तोल साधल्यावर सीट थोडी उचलावी व तळव्यांऐवजी चवडे टेकतील असे करावे.

दुकानात ऐकू येणारे १२, १४, १६, २०, २४ हे आकडे चाकाच्या व्यासाचे, इंचांतले. स्थूलमानाने १२ इंची तीन वर्षांच्या, १६ इंची पाच-सहा वर्षांच्या आणि २० इंची सात ते नऊ वर्षांच्या मुलास येते. पुढे २४ इंची. थोरांच्या काळ्या सायकलीस जे बावीस इंची किंवा चोवीस इंची म्हणतात ते मात्र फ्रेमचे माप होय. तिची चाके २८ इंचांची असतात. त्यामुळे आजोबा ‘चोवीस इंची’ असे शब्द उच्चारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पोस्टमन असतो आणि दुकानदाराच्या डोळ्यांपुढे पाचवीतला मुलगा. आणि दोघांचे एकमत झाल्यासारखे दिसले, तरी व्यवहार त्याच क्षणी थांबवून पुन्हा टेप काढणे इष्ट.

कलम ३ : हरकती व त्यांचा निकाल

पहिली हरकत ठरलेली आहे: ‘वीस इंचीच घेऊन टाकू, दोन वर्षांनी होईलच बरोबर.’ ज्याचे माप सोळा इंचीचे त्या मुलास वीस इंचीवर बसवून पाहावे. सीट इतकी खाली नेलेली की तिच्या स्प्रिंगा फ्रेमला टेकल्या आहेत, तरीही एका वेळी एकाच पायाचा अंगठा जमिनीला लागतो. हँडल छातीशी येते. पायडल खाली गेले की पाय सुटतो, म्हणून कंबर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलत राहते. आणि थांबण्याची वेळ आली की मूल थांबत नाही, कोणत्या बाजूस पडावे एवढाच निर्णय घेते. अशा दोन-तीन निर्णयांनंतर सायकल गॅलरीत मुक्कामास जाते, तिच्या हँडलवर पंचे वाळू लागतात, आणि दोन वर्षांनी माप जुळते त्या वेळी टायरांना भेगा, चेनीला गंज आणि मुलाला बॅडमिंटनचा नाद लागलेला असतो.

वास्तविक सायकलीलाही दुमडलेली बाही असते. ती सीटच्या दांडीत दडवलेली असते. आज सीट तळाशी असताना जी सायकल मुलास नेमकी बसते, तिची दांडी हळूहळू वर घेत गेल्यास तीच सायकल दोनेक वर्षे सुखाने चालते, आणि वाढत्या अंगाच्या सिद्धान्ताची अब्रूही राखली जाते. दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ फ्रेमबाहेर दिसू लागली म्हणजे बाही संपली असे समजावे. त्यापुढे काटकसर ताणल्यास दांडी वाकते किंवा फ्रेमची नळी चिरते, आणि दवाखान्याचे बिल सायकलीच्या खाती घालावे लागते.

दुसरी हरकत वडीलधाऱ्यांची: ‘आम्ही तीर्थरूपांच्या बावीस इंचीवर, नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत शिकलो, आमचे काही अडले नाही.’ या पराक्रमाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु मजकूर सायकल वडिलांच्या कचेरीसाठी घेतलेली होती, मुलाच्या नावावर तिच्यापायी एक पैसाही पडला नव्हता. तेव्हा ही हकिकत फुकटाची ठरते, निवडीची नव्हे. शिवाय हीच मंडळी मे महिन्याच्या सुटीत मुठीत नाणी आवळून तासावर सायकली देणाऱ्या दुकानाकडे धावत असत, हे ती सोयीस्करपणे विसरतात. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळी असली दुकाने पेठापेठांतून होती. दारात लहानमोठ्या सायकली उंचीच्या क्रमाने उभ्या असत, आणि मालक पोराला एकवार आपादमस्तक न्याहाळून त्याच्या मापाचीच सायकल ओढून बाहेर काढी. वाढत्या अंगाचा सिद्धान्त त्या गृहस्थाने कधी मानला नाही, कारण सायकल आपटली तर नुकसान त्याचे होते.

कलम ४ : वजन व अलंकार

पाच वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे १८ किलो असते, आणि त्याच्यासाठी घेतलेल्या स्टीलच्या सोळा इंची सायकलीचे १० किलोच्या आसपास. याच प्रमाणाने ७२ किलो वजनाच्या तीर्थरूपांस ४० किलोची सायकल द्यावी लागेल, म्हणजे दूधवाल्याच्या दोन काळ्या सायकली एकत्र बांधून त्यांवर स्वार व्हावे लागेल. आणि मग ‘चढावर उतरून का चालतोस?’ हा प्रश्न ते मुलास विचारणार नाहीत. म्हणून दुकानात सायकलीच्या रूपाची परीक्षा करण्यापूर्वी ती एका हाताने उचलून पाहावी.

या वजनात अलंकारांचा वाटा मोठा. पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगा छोट्या मुलाच्या भाराने बहुधा दबतही नाहीत. त्या केवळ वजन आणि किंमत वाढवण्याचे कर्तव्य बजावतात. जाडजूड टायर डोळ्यांत भरतात व पायांत येतात. गिअरांविषयी तर एक गोष्ट लक्षात घ्यावी, की त्यांची चौकशी मूल करीत नाही. मुलाची नजर घंटीवर असते. ‘एकवीस गिअर आहेत का?’ असे विचारणारा आणि ‘जरा चालवून बघू का?’ म्हणत, गुडघे हँडलावर आपटत, दुकानापुढून चक्कर मारून येणारा इसम निराळा असतो. त्याच्याकडे आपण शेवटी वळू.

कलम ५ : ब्रेक व टायर

घंटी वाजते किंवा नाही हे मूल स्वतः तपासते. ब्रेक पालकांनी तपासावा. मुलास सीटवर बसवून, हँडलची मूठ न सोडता त्याची बोटे ब्रेकच्या दांडीवर पोचतात का, आणि त्याच्याच ताकदीने दाबल्यावर चाक जागीच धरून राहते का, हे पाहावे. आपल्या बोटांनी दाबून ‘छान लागतो’ असा निर्वाळा देणे व्यर्थ, कारण उतारावर आपण नसतो. पुष्कळ दांड्यांना त्या मुठीजवळ आणणारा एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवण्याची तसदी दुकानदाराने घ्यावी यासाठी त्याला पैसे चुकते करण्यापूर्वी सांगावे.

अगदी छोट्या सायकलींना काही ठिकाणी भरीव टायर असतात. पंक्चरचा खर्च वाचतो म्हणून त्यांची तरफदारी केली जाते. अशा वेळी बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराचे स्मरण करावे. त्याच्या मुलाची तीनचाकी भरीव टायरांमुळे दगडी रस्त्यावर खडखडत असे, म्हणून त्याने तिला हवेचे टायर बसवले आणि १८८८ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. ‘आमच्या वेळी हेही नव्हते’ असे म्हणून त्या गृहस्थाने विषय मिटवला नाही, याचा लाभ आज सर्व जग घेत आहे.

कलम ६ : बाजूची चाके

मागच्या चाकाला लावायची दोन छोटी चाके नव्या सायकलीबरोबर हटकून मिळतात. त्यांच्यावर मूल पायडल मारण्यास शिकते; शिकायचा असतो तो तोल. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने जे दुचाकी वाहन बाहेर काढले त्याला पायडले नव्हतीच. स्वार पायांनी जमीन रेटीत जात असे. तोच मार्ग घरी अवलंबावा: बाजूची चाके आणि पायडले काढून ठेवावी, सीट तळाशी न्यावी, आणि मुलास सपाट अंगणात पाय रेटीत फिरू द्यावे. पाय उचलून ते आपोआप घरंगळू लागले की पायडले परत लावावी. यात खर्च एका पान्याचा. मात्र डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, एवढे लक्षात ठेवावे. दोन्ही बाजूंस, पायडलाच्या वर उभा धरलेला पाना मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की पायडल सुटते. हे ठाऊक नसल्यामुळे आटे घासून, शेवटी क्रँकच बदलून घेणाऱ्या गृहस्थांवर सायकल-दुरुस्तीचा धंदा पुष्कळ अंशी चालतो.

कलम ७ : जमाखर्च

दुकानदाराच्या हातावर ठेवलेली रक्कम म्हणजे सायकलीची किंमत, हा समज जमाखर्च न लिहिणाऱ्यांचा. घेताना दिले, त्यातून विकताना आलेले वजा करावे, दुरुस्तीचे मिळवावे, आणि सायकल जितके महिने प्रत्यक्ष चालली तितक्यांनी भागावे. समजा, ५,००० रुपयांची नवी, मापाची सायकल दोन वर्षे चालून २,००० ला गेली. महिना १२५ रुपये पडला. समजा, तशीच वापरलेली सायकल २,००० ला घेतली, तिच्यावर ६०० खर्चून दोन वर्षांनी १,४०० ला दिली. महिना ५० रुपये. आणि ७,००० ची वाढत्या अंगाची सायकल दोन वर्षे पंचे वाळवून, मग सहाच महिने चालून १,००० ला गेली. चालत्या महिन्याला १,००० रुपये. यावर भाष्य करण्याचे कारण दिसत नाही.

तेव्हा जुनी घ्यावी. मात्र पारखून घ्यावी. चाक उचलून फिरवावे. रिम डावी-उजवीकडे नाचत असेल तर आउट काढावा लागेल, तो खर्च थोडा. चाक हातात धरून आडवे हलवावे. खटखटले तर छर्रे गेले, तेही बदलता येतात. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरे यांच्यावरून भाव पाडून घ्यावा आणि मनातून निश्चिंत असावे. परंतु बाजूने पाहता चिमटा मागे दबलेला दिसला, किंवा फ्रेमच्या जोडापाशी रंगाला चीर दिसली, तर ती सायकल फुकट मिळाली तरी महाग. सीटची दांडी गंजून अडकलेली नाही ना, हेही पाहावे. ज्या सायकलीची बाही शिवून टाकलेली आहे ती वाढत्या मुलाच्या काय कामाची? आणि पावती मागावी, नाहीतर मूळ मालकाची गाठ पोलीसचौकीत पडावयाची.

कलम ८ : वहिवाट व वारसा

खरेदीच्या दिवशीच सायकलीच्या पुढील मालकाचा विचार करावा, कारण मुलाची सायकल ही कायमच्या मालकीची चीज नसून दोन वर्षांच्या वहिवाटीची आहे. थोरलीसाठी गुलाबी रंगाची, हँडलला झिरमिळ्या लावलेली सायकल घेतली, तर धाकटा तिला शिवणार नाही आणि वारसा तिथेच खुंटेल. निळी, लाल किंवा हिरवी घेतली तर ती मुलीकडून भावाकडे, भावाकडून मावसबहिणीकडे, आणि तिच्याकडून नाशिकच्या आत्येभावाकडे बिनतक्रार जाते. आडवी नळी खाली उतरलेली फ्रेम ‘लेडीज’ म्हणून नाकारू नये; टांग न मारता चढउतार करणे मुलगा-मुलगी दोघांसही सोपे. सायकलीवर मुलाचे नाव रंगवून घेऊ नये, पुढच्या वारसाला ते नडते.

उपसंहारार्थ, कलम ४ मध्ये राखून ठेवलेल्या इसमाविषयी. घरात ज्याची उंची यापुढे वाढणार नाही असा जो कोणी असेल (त्याच्या घेराविषयी आम्ही मौन बाळगतो), त्यालाच मोठी, दणकट, गिअरांची आणि आयुष्यभर पुरणारी सायकल हवी असते; आणि लहानपणी राहून गेलेली ती हौस तो मुलाच्या नावावर मांडून भागवू पाहतो, हेच बहुतेक चुकीच्या मापांचे मूळ आहे. त्याने मुलासाठी मापाची, जुनी, हलकी सायकल घ्यावी. मग वाचलेल्या पैशांतून स्वतःसाठी उघडपणे दरखास्त करावी, आणि घरातून ‘दिवाळीनंतर बघू’ असा शेरा आला तर तो नियमानुसारच आहे असे समजून मुकाट्याने मान्य करावा.