कुत्रं का भुंकलं नाही?

"सात कैऱ्या गेल्या हो बाई! मोजून सात."

कुंपणापलीकडे वहिनी सुपात जवळा निवडत बसल्या होत्या. बोटं सुपात, डोळे आंब्यावर. आमच्या मुर्ध्यात अंगण आणि अंगणात झाड अशी घरं आता थोडीच उरलीत. बाकी भाईंदरात शेजारीण भेटते ती लिफ्टमध्ये, आणि चौथ्या मजल्यापर्यंत कसल्या डोंबलाच्या गप्पा होणार!

"कुत्रं भुंकलं का?"

"कसलं भुंकतंय! पायरीवर पडलेलं रात्रभर."

"मग चोर ओळखीचा. शेरलॉक होम्सनं असंच हुडकलं होतं. घोडा पळवला तरी तबेल्यातलं कुत्रं गप्प, म्हणजे नेणारा घरोब्यातलाच. त्यावरूनच मार्क हॅडन नावाच्या इंग्रज लेखकानं २००३ साली आपल्या कादंबरीला नाव दिलं, 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'."

"अगोबाई, केवढं नाव! त्यातपण कैऱ्या जातात?"

"कुत्राच जातो. शेजारणीचा. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी हिरवळीवर मरून पडलेला, अंगात माती उकरायचा लोखंडी काटा खुपसलेला. कोणी मारलं ते शोधायला निघतो १५ वर्षांचा ख्रिस्तोफर, आणि गोष्टही तोच सांगतो. पिवळं नि तपकिरी खाणार नाही, अंगाला हात लावलेला खपणार नाही, रस्त्यात चार लाल गाड्या ओळीनं दिसल्या की दिवस बरा. प्रकरणांचे आकडेसुद्धा मूळ संख्यांचे. २, ३, ५, ७ करत थेट २३३!"

वहिनींचा हात थांबला. "आमच्या पोरासारखा."

दिराचा मुलगा त्यांच्याकडेच असतो. संध्याकाळी फाटकावर उभा राहून उत्तनच्या बसगाड्या मोजतो.

"डॉक्टरांनी कागदावर स्वमग्न लिहून दिलंय," त्या म्हणाल्या.

"ख्रिस्तोफर स्वतःला असलं काही नाव देत नाही. वेष्टनावर मात्र 'ॲस्पर्जर' छापलं, आणि लेखकाला त्याची पुढे चुटपुट लागली. मला खटकतं ते वेगळंच. असा मुलगा म्हटला की गणितात हुशार हवाच का?"

"आमच्याला कुठे येतंय गणित! नुसतं मोजतो. दहिसरपर्यंत गाडीनं नेला, दोन्ही कान दाबून बसला. उतरल्यावर म्हणतो, भोंगा नऊ वेळा वाजला."

"ख्रिस्तोफर तर एकटाच स्विंडनहून लंडनला जातो. त्या गर्दीत त्याचं काय होतं ते वाचताना मला आपली सकाळची लोकल आठवत होती. पण खरी गंमत पुढेच आहे. बापानं त्याला सांगितलेलं असतं, आई वारली. खरं काय ते कोणाकडून कळायला लागतं माहितेय? गल्लीतल्या म्हातारीकडून. ती बोलून जाते की आईचं आणि त्या कुत्रेवालीच्या नवऱ्याचं..."

"लफडं?" सूप बाजूला ठेवून वहिनी कुंपणाला टेकल्या.

"ती आधी आडून सांगते, चांगली मैत्री होती वगैरे. त्याला आडून कळत नाही. तोच सरळ शब्दांत विचारतो, तेव्हा हो म्हणावं लागतं बिचारीला."

"आणि कुत्र्याला कोणी मारलं?"

"ते नाही सांगणार. वाचा."

"घ्या! एवढं चघळायला देऊन..."

तेवढ्यात पोरगा रिकामी बाटली घेऊन बाहेर आला, नळ सोडला आणि बाटली भरायची वाट बघत तिच्याकडे टक लावून उभा राहिला.

"काय रे," वहिनी सहज म्हणाल्या, "कैऱ्या कोणी तोडल्या, बघितलंस?"

"काकांनी. शनिवारी. सात. पिशवी निळी होती."

"दोन दिवस मी गल्लीभर बोंबलतेय! सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही."

कुत्र्यानं पायरीवर कूस बदलली. मला हसू आवरेना. मीही सरळच विचारलं, "मग निळी पिशवी घेऊन काका गेले कुठे?"

पोरानं नळ बंद केला. "आधी नाक्यावर. मग तिथून..."

"बाई," वहिनी सूप उचलत घाईनं म्हणाल्या, "तुमचं दूध उतू जातंय बहुतेक."